मळ्यातलं पान मळ्यात

वाशीम, पोळ्याची कर, सन १९३७

रुख्मे,

आशीर्वाद वरतं लिवाचा असते म्हणतात. लिवला असं समजून घे. दोन वर्सानं कागद लिवून राह्यली म्हणून रडगाणं असंल असं समजू नको. मी चांगली हाये. दात चार उरले, ते पुरतात.

कामाचं विचारते. विहिरीच्या मांडवावरच्या गुलाबाच्या वेलीले तू पावसाळ्यात काय करत होती? राख मारत होती हे माहीत हाये, पण गोवरीची का बाभळीच्या लाकडाची? दवावर का ऊन चढल्यावर? तसं वेलीले काही झालं नाई. श्रावणात खालच्या पानावर दोन-चार काळे डाग दिसले, भोवतानं पिवळं, म्हणून विचारलं. खेमा म्हणते, दोन-चार नाई, अर्धी वेल झडली. त्याले मोट हाकाले ठेवलं, पानं मोजाले कोणी सांगतलं ते मले कळत नाई.

नवरात्र जवळ आलं. देवीच्या गुरवानं आताच विचारलं, आजी, यंदा तरी गुलाबाच्या माळा देता का. ‘यंदा तरी’ म्हणते. त्याच्या बापाले म्या फुलं पुरवली तवा हा अंगणात उघडा फिरत होता.

शेजारच्या हिरीबाईच्या बहिणीनं इंझोरीहून सांगतलं का तुले पोरगी झाली, आता चार मईन्याची हाये. मले तुह्याकडून कळलं असतं तर मी काही तुले खाल्लं नसतं. नाव काय ठेवलं ते लिव. काळी हाये का गोरी ते लिवू नको, ते आपोआप कळते.

अक्षर खालीवर झालं तर हसू नको. विहिरीच्या दगडावर कोळशानं तूच शिकवलं. तू तिसरीपर्यंत गेली म्हणून मी दीड इयत्तेची झाली. हा कागद लिफाफ्यात बंद करून धाडते. तुमच्या इंझोरीचा टपालवाला बाजाराच्या दिवशी साऱ्यांची उघडी कार्डं पारावर बसून मोठ्यानं वाचते, असं हिरीबाईची बहीण सांगते. आपल्या घरचं गावाले कायले पाहिजे.

राखेचं तेवढं लिव.

आवडाबाई, तुही आजी


वाशीम, नवरात्राची सातवी माळ

रुख्मे,

तुहं कार्ड आलं. तीन ओळी. ‘वेल म्या लावली. तू मले तिच्यापासून तोडलं. आता वेलीलेच विचार.’ तिसरीत हेच शिकवतात का? अन् पोरीचं नाव लिवलंच नाई.

तर मग खरं लिवते. वेल उघडी पडली. मांडवावर काड्या अन् काटे उरले, त्यातून आभाळ दिसते. सातही माळा झेंडूच्या गेल्या. गुरवानं माळ हातात घेऊन दोनदा उलटीपालटी केली, बस.

हिरीबाई परवा बहिणीकडून येऊन गेली. तिनं सांगतलं ते असं. तुही सासू जिजाबाई तुले लोणच्याच्या बरणीले हात लावू देत नाई. ताक घुसळू देत नाई. म्हैस आटली तर तुह्यावर आलं. मळ्यात तर तुले पाऊल टाकाची बंदी, माळ्याच्या घरची सून असून. अन् तुले सारं गाव काळहाती म्हणते.

‘हा शब्द तथी कोणी नेला वं?’ असं म्या हिरीबाईले विचारलं. ती माह्याकडं पाहून उठली. हिरीबाई मधीच उठली म्हणजे काय, ते तुले माहीत हाये.

माह्या मनात तसं काही नव्हतं, एवढं तू समजून घे. तू सतरा वर्साची रांडमुंड होऊन आली, लगनाले आठ मईने झाले नव्हते. म्या तुले ठेवून घेतलं का नाई? तू डाक बंगल्याच्या माळ्याजवळून गुलाबाची फांदी मागून आणली, विहिरीजवळ खोसली. वर्सात मांडव भरला. असे झुपके आले का मोटेचे बैलही तथी थांबत होते. मले कौतुक होतं. म्या बोलून दाखवलं नाई, माहा तो गुण नाई.

मग दुसऱ्या पावसाळ्यात करपा आला. डाग, पिवळं, गळ. तिसऱ्या पावसाळ्यात पुन्हा. त्याच साली वांगीही बुडाली. भावकीतल्या बाया म्हणाल्या, आवडाबाई, नवऱ्याले गिळलेल्या हातानं लावलेलं झाड हाये ते, तुमी काय पाहून राह्यल्या? त्या म्हणाल्या. मग म्या पण म्हटलं. चार बायांत म्हटलं, नाई म्हणत नाई.

अन् तुह्या दुसऱ्या लगनाच्या, पाटाच्या येळी जिजाबाईले बाजूले घेऊन म्या सांगतलं, पोरगी कामाची हाये, चोरटी नाई, पण हिच्या हाताले यश नाई, हिरव्या झाडाले हात लावू देऊ नका. आपण बैल विकतो तवा त्याची खोड सांगत नाई का? उद्या त्याहीनं म्हटलं असतं का आमाले फसवलं, तर? इमानानं सांगतलं. त्याचं त्याहीनं इतकं लांबवलं, त्याले मी काय करू.

लोणच्याले हात नाई लागला तर माणूस मरत नाई. सोस. पोरगी मोठी होईल, सासू म्हातारी होईल.

आवडाबाई


वाशीम, तुळशीचं लगन झालं त्याचा दुसरा दिवस

रुख्मे,

तू उत्तर दिलं नाई. देऊ नको. हा कागद वाच मात्र.

खेतीखात्याचा एक माणूस ज्वारीच्या बियाले मोरचूद लावाचं दाखवत गावोगाव फिरते. पायात बूट, डोक्यावर उन्हाची टोपी. आपल्या विहिरीवर पाणी प्याले थांबला अन् मांडवाकडं पाहत राह्यला.

‘आजीबाई, दरसाल असंच होतं का?’

‘पाचवं साल हाये.’

‘गळलेली पानं कुठं जातात?’

‘कुठी जातीन? मळ्यातलं पान मळ्यात. झाडून वेलीच्याच आळ्यात घालते, वरून माती लोटते. खत होते.’

तो हसला नाई. हसला असता तर बरं झालं असतं, म्या हाकलून दिला असता. म्हणे, ‘मग रोग तुम्हीच पेरता. तो त्या पानांतच राहतो. पाऊस पडला की मातीतून उडून पुन्हा खालच्या पानावर बसतो. एकूण एक पान वेचून जाळा.’

म्या म्हटलं, ‘साहेब, तुमी ज्वारी पाहा.’

तो गेला. सकाळी मी हिरीबाईच्या भिंतीजवळ गेली. तुले आठवते का, आपली वेल लावली त्याच दिवशी त्याच फांदीचा एक तुकडा तू तिच्या न्हाणीजवळ खोसला होता? ती वेल छपरावर गेली. पानाले डाग नाई. कार्तिकात झुपके हायेत. मी उभी राहून पाहत होती तर हिरीबाई खराटा घेऊन आली, खालची चार पानं झाडली अन् न्हाणीच्या चुलीत सारली. रोज तसंच करते. तिले खत-बित कळत नाई, तिले अंगण साफ लागते.

फांदी एक. दिवस एक. हात एक, तुहा. तिची वेल हिरवी अन् माही नागडी.

हे मले काल कळलं असं लिवून मी मोकळी झाली असती. पण तसं नाई. तू पाटानं गेली त्याच पावसाळ्यात वेल पुन्हा झडली. तू इथी नव्हती. तुहा हात दोन दिवसाच्या वाटेवर होता. मले तवाच कळाचं ते कळलं. मी दोन वर्सं हिरीबाईच्या भिंतीकडं गेली नाई. मिरच्या तोडाले जातानी तिकडून वाट होती, ती सोडून बांधावरून फिरून जात होती. खेमा विचारे, आजी, काहून एवढा फेरा? म्या म्हटलं, पाय मोकळे होतात.

अन् आणखी एक. त्या तिसऱ्या पावसाळ्यात तू सुपात पानं घेऊन चुलीपाशी बसली होती. म्हणाली, आजी, ही बिमार पानं मुळाशी नको, जाळून पाहू. म्या उलथनं तुह्या मनगटावर मारलं. मळ्यातलं पान चुलीत गेलं का मळा उठते, असं मले माह्या सासूनं सांगतलं होतं. मी नवी सून होती तवा बोराची दोन पानं विस्तवात टाकली म्हणून तिनं मले दिवसभर जेवू घातलं नाई. पन्नास वर्सं म्या एक पान बाहेर जाऊ दिलं नाई. मले वाटत होतं, आपल्याइतका मळा कोणी राखत नाई.

तर आता असं कर. पोरीले घेऊन माहेरपणाले ये. मी खेम्याले गाडी घेऊन धाडते, म्हातारीची कंबर धरली असं तो जिजाबाईले सांगंल. चार मईने राह्य, मग पाहू. हाताचं मी इथी कोणाजवळ काढणार नाई, तू पण काढू नको. भावकीत मी एकदा बोलली ते बोलली. आता उलटं बोलली तर त्याच बाया पदराआड हसतीन, अन् आवडाबाईले आपलीच पानं कळली नाई असं मरेलोक म्हणतीन. तुहं काम होऊन राह्यलं, मग बोभाटा कायले.

पोरगी पिते का नीट?

आवडाबाई


वाशीम, संक्रांतीनंतरचा मंगळवार, सन १९३८

रुख्मे,

खेमा तवा रिकामी गाडी घेऊन परत आला, तवाच मी उठून यायला पाहिजे होतं. मी आली ती पोरगी गेल्यावर.

तू दाराआड होती. जिजाबाई काय बोलली अन् मी काय बोलली ते तू किती ऐकलं मले माहीत नाई, म्हणून लिवते. त्यातलं माह्या बाजूचं कमी करत नाई.

मंगरुळपर्यंत मोटारीनं आली, पुढं एका कापसाच्या गाडीवर बसून. जिजाबाई अंगणात तुरीच्या शेंगा फोडून राह्यली होती. उठली नाई.

‘या विहीणबाई. पाणी पाहिजे का?’

‘पाणी नको. पोरगी कशानं गेली ते सांगा.’

‘अंगावर कमी पेत होती. सुकून राह्यली होती. तुमीच म्हटलं होतं ना, हिच्या हाताले यश नाई? मग आमी पोर तिच्या हाती कसं ठेवाचं? दिवाळीपासून मीच जवळ घेतली. शेळीचं दूध वातीनं पाजलं. हागवण लागली.’

‘मी झाडाचं म्हटलं होतं.’

‘पोर काय झाडापेक्षा कमी असते?’

तिनं दोन शेंगा फोडल्या, दाणे सुपात टाकले. मग म्या सांगतलं. पानं, आळं, हिरीबाईची भिंत, सारं. वेल माह्याच खतानं मरत होती, पोरीच्या हातानं नाई, असं म्हटलं. जिजाबाई म्हणाली, ‘आता नातीचा संसार मोडून राह्यला तवा तुमाले पानं आठवली.’

तुहा नवरा ओट्यावर दोर वळत बसला होता. नानाजी वाईट माणूस नाई, मायच्या हाताखालचा हाये. त्यानं मान वर केली नाई. म्हणाला, ‘आजी, पाटाच्या दिवशी तुमी खरं बोलल्या का आज? एक कोणतं ते सांगा.’

‘आज.’

‘मग त्या दिवशी तसं बोलाले कोणी सांगतलं होतं?’

मी बाया म्हणाल्या असं सांगणार होती. तोंडात आलं होतं. पण बाया तर अंगणात नव्हत्या, मी होती.

होळी झाली का दुसरी आणणार, हे त्याच्यासमोरच जिजाबाईनं सांगतलं. तुले कोठ्यात निजवतात हे म्या डोळ्यानं पाह्यलं, गोधडी गव्हाणीजवळ होती. पोरीची झोळी अजून आढ्याले बांधून होती. तिचं नाव मले त्या अंगणात कळलं. जिजाबाई कोण्या बाईले म्हणाली, चतुरी गेली तशी शेळी पण दूध चोरून राह्यली.

मी दारापाशी आली, तुले आवाज दिला. तुह्या बांगड्या वाजल्या, कडी वाजली नाई. आतून तू म्हणाली, ‘आजी, तो शब्द आता साऱ्या गावाजवळ हाये. तू अंगणात सांगून काय होते.’ रडली असती तर म्या दार ढकललं असतं.

आता हे लिवाचं नव्हतं, पण लिवते. परत जातानी गाडी पाराजवळून गेली. बाजाराचा दिवस होता. पंधरा-वीस माणसं बसून होती, टपालवाला पण होता. गाडीवाल्याले मी थांब म्हणाली. तो थांबला. एकानं विचारलं, कोणाच्या पाहुण्या वो म्हातारबाई? म्या म्हटलं, कोणाच्या नाई, वाट चुकली. अन् गाडी हाकाले लावली.

सत्तर वर्सं या जिभेनं लोकाले सोललं. पाच शब्द पाहिजे होते तवा ती टाळूले चिकटली.

घरी येऊन म्या वेल गुडघ्यापर्यंत छाटली. आळ्यातली माती वीतभर काढली. काळं, कुजलेलं, पाच सालाचं पान निघालं, वरून खत दिसे, फोडलं तर डाग तसाच. खेमा अन् मी टोपल्यानं बांधाबाहेर नेलं अन् जाळलं. खेमा म्हणे, आजी, मळ्यातलं पान बाहेर? म्या म्हटलं, हो. दिवसभर धूर होता. हिरीबाई भिंतीवरून पाहत होती.

आवडाबाई


उघडं कार्ड

वाशीम, माघ वद्य, मंगळवार

इंझोरीच्या टपालवाल्यास: हे कार्ड रुख्मिणी नानाजी हिच्या नावाचं हाये, पण पयले पारावर वाचावं. नेहमी वाचता तसंच, जरा मोठ्यानं. जिजाबाईच्या दारातही वाचावं.

मी आवडाबाई, वाशीमची माळीण, रुख्मीची आजी. माही नात काळहाती हाये असं म्या पाटाच्या दिवशी जिजाबाईले सांगतलं होतं. ते खोटं हाये. गुलाबाच्या वेलीचा रोग माह्या आळ्यात होता, म्या स्वतः दरसाल मुळाशी पुरला. तिनं पानं जाळाले सांगतलं, म्या तिले मारलं. ती गेल्यावरही वेल तशीच झडली, तवाच मले समजलं. तिच्या हातची दुसरी वेल हिरीबाईच्या छपरावर चांगली हाये, ज्याले पाह्याची त्यानं यावं. चतुरा माही पणती, आठ मईन्याची, माह्या शब्दापायी मायच्या अंगावरून काढली. मायचं दूध चांगलं होतं. दोन वर्सं म्या हे सांगतलं नाई, कारण बाया हसतीन याचं भेव होतं. आता हसा. वाशीमच्या भावकीत काल सांगून झालं, तथीही हसल्या.

रुख्मे, जागा संपत आली. छाटलेल्या वेलीले पानं फुटली. परवाच्या अवकाळी पावसानं खालच्या तिनावर पुन्हा डाग हाये. तोडून जाळली. खेमा गाडी घेऊन पाराजवळ उभा राहील, होळीपर्यंत रोज. यायचं का नाई ते तू पाह्य.